चावी मागायची कोणी? एका आखाड पार्टीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

धायरी-नऱ्हे पट्ट्यातलं एक मशीन शॉप. चार सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी यंत्रं), कोपऱ्यात जुन्या लेथ आणि पॅकिंगचं लांब टेबल. माणसं चौतीस. मालकाला सगळे शेठ म्हणतात, सुपरवायझरला भाऊ. मी तिथे वर्षातून दोनदा सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायला जातो. गार्ड, गॉगल, क्रेनची साखळी असले विषय असतात. आखाड पार्टीहून परतताना झालेल्या अपघातानंतर शेठनं बोलावलं तेव्हा पहिल्यांदाच कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या गोष्टीवर बोलणं झालं. सगळ्यांच्या संमतीनं लिहितोय; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आषाढ संपायच्या आधीच्या शनिवारी इथे पार्टी होते. श्रावण लागला की निम्मं शॉप मटण आणि दारू दोन्ही सोडतं, त्यामुळे 'आखाड' जोरात. जागा पानशेत रस्त्यावर, खानापूरच्या पुढे, ओळखीतलं फार्महाऊस. कारखान्यापासून वीस-बावीस किलोमीटर. 'इथंच तर जायचंय' म्हणण्याइतकं जवळ आणि रात्री अकराला परतायला रिक्षा, बस काही मिळणार नाही इतकं लांब.

पार्टीच्या नऊ दिवस आधी हिशेब बघणाऱ्या मॅडमनी वहीत खर्चाचं पान लिहिलं. मटण, भाकऱ्या, जागेचं भाडं. दारू २६,००० रुपये. शेवटची ओळ होती 'दोन टेम्पो ट्रॅव्हलर, जाऊन-येऊन ११,०००'. त्या ओळीवर लाल पेनाची आडवी रेघ आहे. मी ते पान पाहिलंय. "पोरांकडं गाड्या आहेत की," असं शेठ म्हणाला आणि विषय संपला. दारूच्या आकड्यावर कोणाचं पेन थांबलं नाही.

या प्रकरणातली पहिली निर्णयाची जागा हीच, असं माझं मत. पार्टीच्या रात्री जे झालं ते पुढचं.

ती रात्र

पॅकिंगच्या चौघी जणी साडेसातला मॅडमच्या गाडीतून परतल्या. शेठ साडेनऊला निघाला, स्वतःची गाडी स्वतः चालवत. हे त्यानं मला पहिल्या दोन बैठकींत सांगितलं नाही. तिसऱ्यांदा चहा घेताना, कपाकडे बघत म्हणाला, "मीपण दोन घेतले होते." तोवर तो 'पोरांना समजत नाही' या सुरातच बोलत होता.

हे मी मुद्दाम लांबवून लिहितोय, कारण त्या रात्रीचा सगळा पेच इथे आहे. दोन पेग घेतलेला शेठ सगळ्यांच्या देखत स्टिअरिंगवर बसून गेला. त्यानंतर तिथे उरलेल्यांपैकी कोण कोणाकडे चावी मागणार?

पावणेअकराला उठाउठ झाली. पाऊस भुरभुरत होता. फार्महाऊस सांभाळणारे काका सतरंज्या काढून म्हणाले, "इथंच पडा, सकाळी चहा घेऊन जा." सहा जण थांबले. बाकीच्यांपैकी एकानं आधी निघालेल्या मित्राला फोन लावला आणि एवढंच विचारलं, "पुढं पोलीस आहेत का?" "नाहीत, या." रस्ता कसा आहे, पाऊस किती आहे, हे कोणी विचारलं नाही. मी नंतर एकेकाला याचं कारण विचारलं तर सगळ्यांना प्रश्नच विचित्र वाटला. दारू पिऊन गाडी चालवण्यातला धोका म्हणजे नाकाबंदी, हे समीकरण डोक्यात इतकं घट्ट बसलंय.

भाऊंनी मोटारसायकल काढली. वय एक्केचाळीस, वीस वर्षं गाडी चालवतात. त्यांच्याबरोबर निघाला वेल्ह्याकडचा एक हेल्पर, बावीस वर्षांचा, आयटीआय झालेला. घर माळकरी, त्यामुळे त्यानं थेंबही घेतला नव्हता. पिठलं-भाकरी खाऊन कोपऱ्यात मोबाइल बघत बसला होता. त्याच्याकडे लायसन होतं. त्यानं एकदा विचारलंही, "भाऊ, मी चालवू का?"

"बस मागं." आजूबाजूचे हसले.

त्या मोटारसायकलवरचा शुद्धीतला माणूस मागे बसला. का बसलास, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "दिवसभर ते सांगतील ते करतो. रात्री एकदम नाही कसं म्हणू?" भाऊंना विचारलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोराच्या मागं बसून जायचं म्हणजे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

डोणजे फाटा मागे टाकून धरणाच्या अलीकडच्या एका वळणावर, कडेला रस्त्याच्या कामाची खडी पडलेली होती. गाडी त्यावरून घसरली. भाऊंना खरचटलं. पोराचं डावं गळ्याचं हाड आणि मनगट मोडलं. भाऊंचं हेल्मेट कोपराला अडकवलेलं होतं, पोराकडे नव्हतंच. (कायद्यानं मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. पण पुण्यात हेल्मेट या विषयावर बोलायचं तर वेगळा लेख लिहावा लागेल आणि तो लिहिणाऱ्यानं आधी हेल्मेट घालावं लागेल.)

दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये अपघाताची जी कहाणी फिरली तिचं शीर्षक होतं 'खडी'. खडी होती म्हणून घसरली, ठेकेदारानं फलक लावला नव्हता, दिवा नव्हता. सगळं खरं. पण त्याच वळणावरून त्या रात्री याच पार्टीतल्या नऊ गाड्या आधी गेल्या होत्या.

पोलिसांना काय सांगायचं

मागून येणाऱ्या दोघांनी १०८ ला फोन केला, हे चांगलं झालं. पोराला कोणाच्या तरी मोटारीत कोंबून नेलं असतं तर हाड आणखी सरकलं असतं. रुग्णालयात पोचेपर्यंत पावणेबारा झाले. शेठ सव्वाबाराला आला.

अपघाताचा रुग्ण म्हणजे एमएलसी, वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, पोलिसांना कळवणं आलंच. डॉक्टर येऊन विचारण्याच्या आधी बाहेरच्या बाकड्यावर एक प्रस्ताव निघाला. कोणाच्या तोंडून ते महत्त्वाचं नाही. "पोरगं चालवत होतं असं सांगा. त्यानं घेतलेली नाही, लायसन आहे. सगळं सरळ होईल." ज्याचं हाड मोडलंय त्यालाच चालक करायचं! आणि त्या पोराला विचारलं तेव्हा त्यानं स्ट्रेचरवरून मान हलवली, चालेल म्हणाला.

शेठ मला म्हणाला, "खोटं कशाला बोलू, माझं मन झालं होतं." मग काय आडवं आलं? दोन गोष्टी. एक, कल्याणीनगर. १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्श गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले ते प्रकरण. सतरा वर्षांच्या मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, यावर साऱ्या शहरानं संताप केला होता. पण शेठच्या लक्षात राहिला तो पुढचा भाग: घरच्या ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घेण्यासाठी दबाव आणल्याचा आरोप, रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना झालेली अटक. मूळ अपघातापेक्षा लपवालपवीनंच जास्त माणसं आत गेली, हे त्याला दिसलं होतं. दुसरी गोष्ट अगदी साधी. डोणजे फाट्यावरच्या हॉटेलाबाहेर कॅमेरा आहे, हे त्याला आठवलं.

म्हणजे शेठ खरं बोलला तो भीतीपोटी. मला त्यात वावगं वाटत नाही. खरं बोलला हे महत्त्वाचं. कारण कोणतंही असो. भाऊंनीही नंतर नाकारलं नाही. रात्री एक वाजून वीस मिनिटांनी त्यांचं रक्त घेतलं.

'दोनच घेतले'

प्रयोगशाळेचा अहवाल काही आठवड्यांनी आला: १०० मिलिलिटर रक्तात ५४ मिलिग्रॅम अल्कोहोल. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही.

शॉपमधली प्रतिक्रिया होती, "चोपन्न म्हणजे काहीच नाही." पण रक्त घेतलं ते अपघातानंतर सव्वादोन तासांनी. शरीर १०० मिलिलिटर रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या गतीनं निपटतं; कमी-जास्त होतं, पण लिंबूपाणी, काळी कॉफी, डोक्यावर गार पाणी यांनी ती गती वाढत नाही. सव्वादोन तास मागे जाऊन हिशेब केला तर वळणावर असताना आकडा नव्वदीच्या आसपास येतो. मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट.

भाऊ शपथेवर सांगत होते, दोनच घेतले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांचे 'दोन' किती मोठे होते, हा प्रश्न होता.

म्हणून पुढच्या प्रशिक्षणात मी एक खेळ केला. फार्महाऊसवर होते तसलेच प्लास्टिकचे ग्लास, बाटलीत चहाच्या रंगाचं पाणी आणि मोजायला नळी. एकेकाला बोलावलं आणि सांगितलं, नेहमीसारखा एक पेग भर. ही माणसं दिवसभर मायक्रोमीटर हातात घेऊन असतात. ड्रॉइंगपेक्षा दोन शतांश मिलिमीटर जास्त निघालं तर जॉब बाजूला काढतात. त्यांचे पेग निघाले ७० पासून ११० मिलिलिटरपर्यंत. बारमध्ये मोठा पेग ६० चा असतो. भाऊंचा ग्लास मोजला तेव्हा नळीत पाणी नव्वदच्या रेघेवर थांबलं. त्यांनी नळी उचलून खिडकीपाशी नेली, डोळ्यांच्या रेषेत धरली, वाचायची पद्धत तीच, आणि परत ठेवली. दोन नव्वद म्हणजे एकशे ऐंशी. अख्खी क्वार्टर.

फळ्यावर पुढचा हिशेब त्यांच्याकडूनच करून घेतला. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीची क्वार्टर म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते एकदम उतरलं तर सव्वाशेच्या पुढे जातं. एकच साठचा पेगसुद्धा चाळिसाच्या आसपास नेऊ शकतो. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली ऐंशी ओलांडू शकते. बिअरला 'दारूत न मोजणारे' इथे गप्प झाले. खाणं, वजन, बाई की पुरुष, यांनी आकडे हलतात. पण 'दोन घेऊन गाडी चालवता येते' हे वाक्य कुठल्याही हिशेबात बसेना.

एक जण मागून म्हणाला, "मग रात्री बाराला थांबवली तर सकाळी सहाला?" हा त्या दिवसाचा सर्वांत कामाचा प्रश्न होता. क्वार्टरच्या पुढे गेलेला माणूस झोपून उठला तरी रक्तात शिल्लक असू शकते. पहिल्या पाळीला सातला मशीन चालू करणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

तिथेच मी त्यांना विचारलं, भाऊ त्या रात्री त्याच अवस्थेत शॉपमध्ये आले असते आणि लेथ चालू करायला गेले असते तर? सगळे एकदम बोलले, हात लावू दिला नसता. अगदी हेल्परनंसुद्धा मेन स्विच पाडला असता. फाटकाच्या आत ज्या माणसाला थांबवायची हिंमत आहे, फाटकाबाहेर त्याच्याच मागे बसून आपण जातो. मशीनवर थांबवणं ही कामाची रीत आहे, चावी मागणं हा मात्र अपमान.

पैशाची बाजू

ही थोडक्यात. मोटारसायकलच्या दुरुस्तीचा विमा दावा नाकारला गेला. पॉलिसीत दारूच्या अमलाखाली चालवणं वगळलेलंच असतं. 'चाचणीच टाळली असती तर?' असं एकानं विचारलं. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ च्या एका निकालात सांगितलंय की रक्ताची चाचणी नसली तरी इतर परिस्थितीवरून मद्यपान दाखवून विमा कंपनी दावा नाकारू शकते. पोराला ईएसआयकडून, म्हणजे कामगार विमा योजनेतून, आजारपणाचे पगाराच्या सत्तर टक्के मिळाले, वरचे तीस शेठनं भरले. पोराचे वडील वेल्ह्याहून आले, शेठच्या केबिनमध्ये बसले, चहा घेतला नाही. भाऊंचं लायसन सहा महिन्यांसाठी निलंबित झालं. खटला चालू आहे.

पुढच्या वर्षी काय करायचं

शेठची पहिली उडी होती पार्टीच बंद. मॅडम म्हणाल्या, बंद केली तर पोरं वर्गणी काढून कुठेतरी धरणाकाठी बसतील, तिथे तर सतरंजीवाले काकाही नसतील. मला त्यांचं पटलं.

दुसरा पर्याय वकिलानं सुचवला: प्रत्येकाकडून 'स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे' असं लिहून घ्या. मी याला विरोध केला. त्या कागदानं फार तर शेठला थोडी ढाल मिळाली असती, गाडी घसरायची थांबली नसती. शिवाय शेठची बाजू तशीही भक्कम नव्हती. महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना लागतो, पार्टीत वाटायची तर एका दिवसाचं लायसन लागतं आणि पंचविशीच्या आतल्याला व्हिस्की-रमसारखी कडक दारू देता येत नाही. यातलं काहीच पाळलेलं नव्हतं.

पॅकिंगच्या बायकांनी दुपारची, घरच्यांसकट पार्टी सुचवली. बायकापोरं समोर असली की हात आपोआप आवरतो, हा त्यांचा तर्क. मला सगळ्यांत आवडलेला पर्याय हा होता. पुरुषांनी तो हसण्यावारी नेला आणि आम्ही तो रेटला नाही. आज पुन्हा बसलो तर मी रेटेन.

मुक्कामाची कल्पना जागेअभावी मागे पडली. उरली बस.

केलं काय

नियम असे ठरले: दोन ट्रॅव्हलर, कोणीही स्वतःची गाडी आणायची नाही, शेठनंही नाही. दुचाक्या कारखान्यात लावायच्या, चाव्या टूलरूमच्या फळीवरच्या खिळ्यांना, त्या रविवारी अकरानंतर मिळतील. दारू नऊला बंद, मग जेवण, दहाला बस सुटणार. ओतायला एकच माणूस आणि त्याच्या हातात ३० मिलिलिटरचं माप.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची. पार्टीच्या आदल्या सोमवारी शेठ शॉपमध्ये उभा राहून म्हणाला, "गेल्या वर्षी मी घेऊन गाडी चालवत गेलो. ते चुकलं. या वर्षी मी बसनं येतोय." भाषण एवढंच. त्यानंतर बसला कोणी फाटे फोडले नाहीत.

भाऊंना काढायचं का, यावर वर्षभर घोळ चालला. काढलं नाही. चाव्यांच्या फळीचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं. प्रत्येक खिळ्याखाली पत्र्याचा बिल्ला, त्यावर नंबर पंच केलेला.

झालं काय

एकतीस जण आले. जाताना काही अडचण आली नाही. मापामुळे दारू उरली, हे आखाडच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं म्हणतात. सव्वादहाला दोन्ही गाड्या निघाल्या.

चुकलं ते शेवटच्या टप्प्यात. ट्रॅव्हलरनं सगळ्यांना परत कारखान्याच्या फाटकावर सोडलं, रात्री अकराच्या सुमारास. समोर प्रत्येकाची दुचाकी, आत खिळ्यावर चावी, घर तीन-चार किलोमीटरवर. भाऊ दुसऱ्या ट्रॅव्हलरमध्ये होते, ती मागे राहिली होती. फाटकावर रात्रीचा वॉचमन, साठी उलटलेला, ठेकेदाराचा माणूस. दोन सेटरनी (मशीन लावून देणारे कारागीर) टूलरूम उघडायला लावली आणि चाव्या घेऊन गेले. वॉचमन मला म्हणाला, "साहेब, उद्या मला ठेवायचं का नाही हे यांच्यावर असतं." एकाची बायको स्कूटर घेऊन न्यायला आली तेव्हा बाकीचे त्याची थट्टा करत होते. उरलेले रिक्षानं किंवा चालत गेले. कोणाला काही झालं नाही.

आराखड्यातली ही चूक माझी. आम्ही वीस किलोमीटरचा विचार केला आणि शेवटचे तीन विसरलो. चाव्या कारखान्यात ठेवायच्या होत्या तर माणसांना तिथे परत आणायलाच नको होतं. शिवाय नकार देण्याचं काम आम्ही पुन्हा सगळ्यांत खालच्या माणसावर ढकललं. आदल्या वर्षी हेल्परवर, या वर्षी वॉचमनवर. शेठ स्वतः फाटकावर अर्धा तास उभा राहिला असता तर भागलं असतं. तो रस्त्यातच उतरून घरी गेला होता.

सध्या

वेल्ह्याचा पोरगा आता तपासणी विभागात आहे. डाव्या हातानं वजन उचलता येत नाही. भाऊंना लायसन परत मिळालंय. ते कामावर बसनंच येतात.

यंदाच्या आखाडसाठी मॅडमनी पान लिहून ठेवलंय. ट्रॅव्हलरवाल्यानं परतीला घरोघर सोडायचे, वडगाव, आनंदनगर, धायरी, नऱ्हे असे थांबे घेऊन, दर गाडीमागे दीड हजार जास्त मागितलेत. ओळ अजून खोडलेली नाही. शेठ बाराशेवर अडून बसलाय.